रंगाच्या डब्याआधी कोबा

अगं, जयपूरजवळच्या तुझ्या चौमूच्या घराचे फोटो मिळाले आणि गॅरेजच्या जमिनीसाठी रंगाच्या दुकानदाराने दिलेलं ते पत्रकही. चकचकीत करडी जमीन, वर रंगीत चिपा टाकलेल्या, मधोमध पांढरी गाडी. जावईबापूंनी छटासुद्धा ठरवली म्हणे. ठरवू देत, त्यात मला पडायचं नाही. मला बघायचंय ते त्या रंगाखाली काय असणार आहे. भोसरी-चिंचवडच्या आणि नाशकात अंबडच्या शेडमध्ये जमिनी घालण्यात उभा जन्म गेला माझा. कुठे जमीन उखडली म्हणून बोलावणं आलं, की रंग कुठल्या कंपनीचा हे मी विचारत नसे. सुटलेला एक पापुद्रा उचलायचा आणि उलटा करून बघायचा. पाठीला सिमेंटची भुकटी चिकटून आली, तर रंग निर्दोष, खालचा कोबाच वरून कच्चा. पाठ गुळगुळीत आणि ओलसर असेल तर जमिनीतली ओल, आणि तेलकट असेल तर कुणीतरी न धुताच काम उरकलं. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघायचं. डब्यातला माल खोटा निघाल्याचं क्वचितच पाहिलं.

फोटोत शटरच्या आत अजून नुसता भराव दिसतोय, ही तुझी खरी चैन. लोक कोबा घालून झाल्यावर मला विचारतात, तेव्हा निम्मं काम हातातून गेलेलं असतं. पण आधी शटरच्या बाहेरच्या भागाबद्दल बोलू. फाटक आणि शटर यांच्यामधल्या पोर्चमध्ये एक लोखंडी झाकण दिसतंय. ती पाण्याची टाकी ना? म्हणजे त्या पोर्चच्या स्लॅबची खालची बाजू बाराही महिने दमट राहणार. वरून तू पत्रकातल्या त्या एपॉक्सी रंगाचा हवाबंद थर दिलास, की खालून येणारी वाफ त्याच्या पोटाशी अडणार, आणि पहिल्याच उन्हाळ्यात फोड येणार. त्यात तो भाग उघडा. एपॉक्सीचं आणि उन्हाचं मुळीच पटत नाही. ते आधी पिवळं पडतं, मग त्यावर खडूसारखी पांढरी पूड येते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि ऊन दिवसभर तिथेच ठाण मांडून बसतं. ठेकेदार म्हणेल, वरून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, हात देतो, मग पिवळं नाही पडणार. रंगापुरतं ते खरं आहे, पण ओलीचं काय? तेव्हा पोर्चला कुठलाही रंग नको. तिथे कोटा फरशी घाल.

कोटा तुमच्या राज्यातलाच, रामगंज मंडीकडच्या खाणींचा. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या जिन्यांवरही तो पोचला, मग तुला तो लांबून आणायची गरज नाही. घेताना पॉलिश केलेला घेऊ नकोस. पावसात त्यावर स्कूटर घसरते आणि माणूसही. खरबरीत घे. गाडी चढणार म्हणून लादी निदान पंचवीस मिलिमीटर जाडीची हवी आणि खाली मसाला भरगच्च. लावून झाल्यावर काठीने एकेक लादी ठोकून बघ. पोकळ आवाज आला ती लादी त्याच दिवशी काढायला लाव, कारण चाक बरोबर तिच्यावरच येतं आणि ती तडकते. कोट्याला एकच गोष्ट चालत नाही, आम्ल. तो चुनखडीचा दगड आहे. बाथरूम धुवायचं ॲसिड किंवा बॅटरीचं पाणी सांडलं की तो फसफसतो आणि तिथे कायमचा फिका डाग पडतो. आणि त्या टाकीच्या स्लॅबवर गाडीचं वजन धरलंय का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय त्यावर गाडी उभी करू नका. मी फोटो बघून ते सांगू शकत नाही.

आता शटरच्या आतलं. इथे ऊन येत नाही, टाकी नाही, तेव्हा इथे एपॉक्सी शोभेल. पण कोबा माझ्या म्हणण्याप्रमाणे झाला तर.

भराव नीट ठोकून झाला की त्यावर अडीचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरायला सांग. दोन पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवायच्या आणि कडेला भिंतीवर थोडा वर घ्यायचा. ठेकेदार हसेल. म्हणेल, इथे वाळवंटाची हवा, ओल कुठली येतेय? त्याला म्हणावं, शेजारच्या बागेला रोज पाणी घालते ती बाई माझ्या भिंतीपलीकडेच राहते. पाणी जमिनीत दिसत नाही, पण वर चढतंच. हा कागद सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि रंग वाचवतो तो हाच.

वाळूचं जरा जपून. जयपूरकडे बांधकामाला बनास नदीची वाळू, तिकडच्या भाषेत बजरी, चांगली मानतात. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या नदीपात्रांतला वाळूउपसा थांबवला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ती बंदी उठली. तेवढ्या चार वर्षांत दगड भरडून केलेली वाळू लोकांना माहीत झाली, आणि नुसती बारीक मातकट रेती बजरी म्हणून खपवायची सवयही काही जणांना लागली. तुला घरीच तपासता येतं. काचेची उंच बाटली घे, अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून खूप हलव, आणि तीन तास तशीच ठेव. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती गाडी परत पाठव. मातकट वाळूचा कोबा वरून भुकटी सोडतो, आणि भुकटीवर जगातला कुठलाही रंग धरत नाही.

पाण्याचंही तसंच. जयपूर जिल्ह्यातलं भूजल उपसून उपसून खोल गेलंय आणि बऱ्याच ठिकाणी ते खारं आहे. बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्याचा अहवाल मागा. लोखंड नसलेल्या काँक्रीटच्या पाण्यात आपल्या भारतीय मानकाप्रमाणे क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सळ्या असतील तर ५०० पर्यंतच. खारं पाणी घातलेल्या कोब्याला पुढे लोणा फुटतो. पांढरी बुरशी आल्यासारखा तो वर येतो आणि येताना रंगाला ढकलून देतो.

कोबा एम-ट्वेंटी काँक्रीटचा, शंभर मिलिमीटर जाडीचा. पाणी कमी आणि कुटाई जास्त. फाटकाकडे ढाळ हवा, शंभरात एक, म्हणजे साडेपाच मीटर लांबीला साडेपाच सेंटिमीटर. हा ढाळ कोब्यातच द्यायचा. रंगाने ढाळ देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव. सांधे एकमेकांपासून अडीच-तीन मीटरपेक्षा लांब नकोत, नाहीतर कोबा स्वतःच भेग पाडून सांधा तयार करतो, आणि तो कधीच सरळ रेषेत नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिस्त्री शेवटी वर कोरडं सिमेंट शिंपडून घोटायला लागला की त्याचा हात धर. त्याला वाटतं जमीन गुळगुळीत आणि टणक होते. होते मात्र एक पातळ कवच, जे खालच्या काँक्रीटशी एकजीव झालेलं नसतं. अंबडच्या एका कारखान्यात हेच झालं होतं. फोर्कलिफ्ट वळायची तिथे तिथे रंग पापुद्र्याने उचलला गेला, आणि प्रत्येक पापुद्र्याच्या पाठीला तेच सिमेंटचं कवच. रंगवाल्याशी भांडण लागलं, वकील आले, आणि दोष होता गवंड्याच्या मुठीतल्या सिमेंटचा.

मग पाणी मारणं. तुमच्याकडे हवा कोरडी आणि वारा तिखट, कोबा दुपारपर्यंतच सुकायला लागतो. पहिल्या संध्याकाळपासून ओली गोणपाटं टाकायची आणि चौदा दिवस ती सुकू द्यायची नाहीत. हल्ली सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं, असतं, त्याला ताकद यायला वेळ लागतो, म्हणून चौदा. हे काम ठेकेदाराच्या माणसावर सोडू नकोस. सकाळी कामावर निघताना तू आणि संध्याकाळी जावईबापू. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातून सीकर रोडने घरी यायला उशीर होतो हे मला माहीत आहे, पण पंधरवड्याचाच प्रश्न आहे.

कोबा घातल्यापासून निदान अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय रंगाचं नाव काढायचं नाही. त्यानंतरही एक परीक्षा. प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा कोब्यावर ठेव आणि चारही कडा रुंद टेपने हवाबंद कर. निदान सोळा तास, खरं तर पूर्ण दिवस-रात्र ठेव. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा गडद झालेला दिसला, तर अजून थांब. तुमच्याकडे वरचा पृष्ठभाग पटकन वाळतो आणि माणूस फसतो, आत ओल तशीच असते. हा तुकडा एकाच जागी नको. एक मध्ये, एक बागेकडच्या भिंतीलगत, एक शटरजवळ.

मग घासणी. कोब्याच्या वरची सिमेंटची साय काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. डायमंड चकतीच्या ग्राइंडरने घास आणि सोबत धूळ ओढणारं यंत्र मागव. काही जण पातळ केलेलं ॲसिड ओततात. तुझ्या बाबतीत ते नको. टाकीचं झाकण दहा पावलांवर आहे आणि धुतलेलं पाणी तिकडेच वाहणार. घासणाऱ्या माणसाला चांगला मास्क दे, तोंडाला गमछा चालणार नाही. सिमेंटच्या आणि दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. राजस्थानात खाणीतल्या आणि दगडकामातल्या मजुरांची या आजाराने इतकी वाताहत झाली, की राज्य सरकारला २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. एका मास्कसाठी घासाघीस करू नये.

घासून झाल्यावर थोडं पाणी शिंपडून बघ. लगेच मुरलं तर जमीन तयार. थेंब गोळा होऊन बसला, तर तिथे तेल किंवा साय शिल्लक आहे, पुन्हा घास.

एवढं झाल्यावर खरं तर तू रंगाच्या दुकानात जाण्याच्या लायकीची झालीस. तिथे तुला चार-पाच नावं ऐकवतील. ॲक्रिलिक रंग स्वस्त, पण गाडीच्या चाकाखाली टिकत नाही, अंगणातल्या पायवाटेला ठीक. पाण्यात मिसळलेलं एपॉक्सी हाताळायला सोपं, वास कमी, पण वाळल्यावर थर पातळच राहतो. पॉलिॲस्पार्टिक झटपट, आज लावा नि उद्या गाडी आणा. मात्र तुमच्या उन्हाळ्यात ते हातातल्या हातात आळतं, त्याला रोजचा सराव असलेला कारागीरच हवा. नवख्याच्या हाती दिलं तर रोलरचे पट्टे आयुष्यभर मोजत बसशील. मी तुझ्या जागी असतो तर असं करतो: आधी एपॉक्सीचा पातळ प्रायमर, जो कोब्यात मुरतो. त्यावर शंभर टक्के घन घटक असलेलं एपॉक्सी, ते ओलं असतानाच त्यावर बारीक क्वार्ट्‌झ वाळूची हलकी फेक, म्हणजे पावसातून ओलं चाक आलं तरी घसरायला नको. सगळ्यात वर ॲलिफॅटिक पीयूचा एक हात. एपॉक्सी कडक असतं, पण ओरखडा लवकर धरतं. पीयू जरा लवचीक असतं आणि घासणी सोसतं. तुमच्याकडे चैत्रापासून आंधी सुटते, टायरच्या खाचांतून बारीक वाळू आत येते. ती क्वार्ट्‌झची, काचेलाही ओरखडे काढणारी. म्हणून वरचा पीयूचा हात पैसे वाचवायला गाळू नकोस. रंगीत चिपा हव्यात तर टाका, त्याने टिकाऊपणा वाढत नाही की कमी होत नाही.

जयपूरच्या वाड्यांत आराइशचं काम पाहिलं असशील, चुना आणि संगमरवराची पूड यांचे थरावर थर, शेवटी अकीकच्या दगडाने घोटलेले. त्यातले जुने कारागीर चुना महिनोन्‌महिने पाण्यात ठेवत आणि खालचा थर योग्य वेळेला आला की वरचा चढवत, फार ओला असतानाही नाही आणि पार वाळल्यावरही नाही. एपॉक्सीचंही तसंच आहे. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, तासांत. ते उलटून गेलं तर पहिला थर हलका घासूनच दुसरा द्यायचा, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत. आराइश गाडीखाली टिकणार नाही हे सांगायला नको, पण संयम त्यांच्याकडून घ्यावा.

आता हिशेब, हा तू चांगला करशील. गॅरेज तीन मीटर बाय साडेपाच, म्हणजे साडेसोळा चौरस मीटर. घन घटक शंभर टक्के असतील तर एक मिलिमीटर थराला चौरस मीटरमागे एक लिटर माल लागतो. ठेकेदार दोन मिलिमीटर म्हणाला, तर साडेसोळा गुणिले दोन, तेहेतीस लिटर आणलाच पाहिजे. त्याने दहा लिटरचा डबा आणून दोन मिलिमीटरची गोष्ट केली, की बाकीचे तेवीस लिटर कुठे आहेत, एवढंच हसत विचार. आणि साध्या पेंटसारखा दोन हातांचा थर, दीडशे मायक्रॉनचा, पन्नास टक्के घन घटकांचा असेल, तर पाच लिटर लागतं. कोटेशनमध्ये जाडी मायक्रॉनमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये लिहून घे आणि लिटरही. “चांगला जाड थर” असं लिहिलेलं कोटेशन घेऊच नकोस.

दिवस निवडायचे दसरा ते देवदिवाळीच्या दरम्यानचे. पावसाळ्यात हवेत दमटपणा, उन्हाळ्यात आंधी आणि माल भांड्यातच गरम होऊन आळतो. जानेवारीत रात्री पारा आठाच्या आसपास उतरतो, आणि दहा अंशांखाली एपॉक्सी धड वाळत नाही, वर चिकट धुरकट साय येते. लावायला सुरुवात दुपार उतरल्यावर करा. कोबा तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. तापमान उतरत असेल तर रंग आत ओढला जातो. दोन डबे मिसळल्यावर माल बादलीत भरून ठेवू नका, तिथे तो स्वतःच्या उष्णतेने उकळतो. लगेच जमिनीवर ओतून पसरा. त्या रात्री आत दिवा लावू नका, पाखरं येऊन चिकटतात, आणि पीयूमधला डास पुढची दहा वर्षं तिथेच राहतो. शटरखालच्या फटीला ओलं गोणपाट लावा.

पायी चालायला एक दिवस, गाडीला पूर्ण सात दिवस. पाहुण्यांची गाडीसुद्धा बाहेरच. सीकर रोडवरून तापलेली चाकं घेऊन गाडी थेट येते आणि तिथेच उभी राहते. गरम रबर थंड होताना आकसतं, अर्धवट वाळलेल्या थराला धरून उचलतं, आणि रबरातली तेलकट द्रव्यंही रंगात उतरतात. थर पुरा पिकलेला आणि कोब्याला धरलेला असेल तर त्याला फारसं काही होत नाही.

एक गोष्ट राहिली. इन्व्हर्टरची बॅटरी तुम्ही गॅरेजमध्येच ठेवणार ना? खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा. एपॉक्सी थोडंसं बॅटरीचं पाणी सोसतं, पण ते पुसायला हवं. रंगाचं नाव, छटेचा क्रमांक आणि बॅच नंबर घराच्या कागदांत लिहून ठेव, पुढे ठिगळ लावायला लागतं.

आणि आता शेवटचं मागणं. भरावावर प्लास्टिक अंथरून झालं, की कोबा ओतायच्या आधी त्या कागदाचा चारही कोपऱ्यांसकट फोटो मला पाठव. तो पाहिल्याशिवाय मिक्सर चालू करू देऊ नकोस.